टेबलापलीकडचे प्रश्न: मुलाखतीच्या पंधरा चटकदार गोष्टी

नोकरीच्या मुलाखतीने भल्याभल्यांना घाम फोडला आहे. एडिसनच्या प्रश्नाला आइन्स्टाइनकडे उत्तर नव्हतं, अब्दुल कलाम एका जागेने हुकले आणि लंडनमध्ये मुलाखतीसाठी आलेला उमेदवार चुकून थेट टीव्हीवर झळकला. ‘एचआर राउंड’च्या आदल्या रात्री पोटात गोळा आलेल्या प्रत्येकाने या गोष्टी वाचायला हव्यात. त्यांतून एक गोष्ट लख्ख दिसते: माणूस जोखायला मुलाखत हे फार कच्चं माप आहे, पण मुलाखतीची तयारी मात्र पक्की करता येते.

१. नापास? मग हत्ती सांभाळा!

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त अमात्यांची पारख कशी करायची, याचं अख्खं प्रकरण आहे. परीक्षा चार, चारही गुप्त: धर्म, अर्थ, काम आणि भय. राजाचे हेर आमिष दाखवायचे, नाहीतर कटात ओढू पाहायचे आणि अमात्य किती टिकतो ते बघायचे. धर्माच्या परीक्षेत उतरला तो न्यायदानाकडे, पैशाच्या मोहाला बधला नाही तो महसूल आणि खजिन्याकडे, भयाला पुरून उरला तो राजाच्या जवळच्या कामांवर. चारही पार केल्या तर थेट मंत्रिपद. आणि चारही हुकल्या तर? खाणी, जंगलं, हत्ती आणि कारखाने!

एवढ्या जुन्या काळी एक गोष्ट पक्की ठाऊक होती: काम कोणतं आहे, त्यावर परीक्षा कोणती घ्यायची ते ठरतं. तुम्हीही तयारीला बसण्याआधी जाहिरातीतलं कामाचं वर्णन ओळीओळीने वाचा.

२. चित्रकाराने चित्रकला शेवटी लिहिली

१४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी एक पत्र तयार केलं. आजच्या भाषेत, नोकरीचा अर्ज. त्यात मुद्दे घालून लिहिलं होतं की मला हलके, उचलून नेता येणारे पूल बांधता येतात, किल्ल्याच्या खंदकातलं पाणी काढता येतं, तोफा आणि बंदिस्त रथ करता येतात. शिल्प आणि चित्र यांचा उल्लेख अगदी शेवटी, शांततेच्या काळातल्या उपयोगांत.

मिलानला तेव्हा युद्धाची धास्ती होती आणि लिओनार्दोने नेमकी तीच नस पकडली. तुमच्या सीव्हीत सर्वांत वर काय असावं, हे तुमच्या आवडीपेक्षा समोरच्याच्या गरजेवर ठरवा.

३. सयाजीरावांची नजर

बाबासाहेब आंबेडकर इंटर झाले, तेव्हा पुढच्या शिक्षणाचा खर्च वडिलांना झेपेना. केळुसकर गुरुजी बाबासाहेबांना घेऊन मुंबईतच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. महाराजांनी या तरुणाला काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचं समाधान झालं आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. त्या भेटीतून पदवी आली. पुढे १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची वाट खुली झाली तीही बडोद्याच्याच मदतीने. ४ जून १९१३ च्या करारात परतल्यावर दहा वर्षं संस्थानची सेवा करण्याची अट होती.

याच सयाजीरावांनी त्याआधी लंडनमध्ये आणखी एक हिरा टिपला होता. अरविंद घोष आयसीएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाले, पण घोडेस्वारीच्या चाचणीपायी १८९२ मध्ये अपात्र ठरले. महाराजांनी त्यांना महिना २०० रुपयांवर बडोद्याच्या नोकरीत घेतलं. एका दारात जे ‘अपात्र’, ते दुसऱ्या दारात आनंदाने निवडले गेले. निवड होते तेव्हा उमेदवाराइतकीच निवडणाऱ्याची नजरही पणाला लागलेली असते.

४. एडिसनचा पेपर आणि आइन्स्टाइनची ‘दांडी गुल’

थॉमस एडिसनला नोकरीसाठी आलेले पदवीधर अर्धवट वाटत. म्हणून त्याने दीडशेच्या आसपास प्रश्नांचा पेपर काढला. फ्रान्सच्या सीमेवर कोणते देश आहेत, व्होल्गा नदी कुठे आहे, असे त्यातले प्रश्न. १९२१ मध्ये ते वर्तमानपत्रांत फुटले आणि अमेरिकाभर चर्चा झाली. त्याच वर्षी बोस्टनला आलेल्या आइन्स्टाइनला त्यातलाच एक प्रश्न विचारला गेला: ध्वनीचा वेग किती? तो म्हणाला, जे पुस्तकात सहज सापडतं ते मी डोक्यात साठवत नाही.

उत्तर येत नसेल तर ‘आत्ता आठवत नाही, पण अशा पद्धतीने शोधेन’ असं सरळ सांगा. थाप पचत नाही. पुढच्याच प्रश्नाला ती उघडी पडते.

५. दात बरे आहेत ना? गाता येतं का?

१९१४ मध्ये अर्नेस्ट शॅकल्टन दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी माणसं निवडत होता. केंब्रिजचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड जेम्स मुलाखतीला आला. विज्ञानाबद्दल प्रश्न जवळजवळ नाहीतच. दात चांगले आहेत का, पायाच्या शिरा फुगतात का, स्वभाव कसा आहे आणि गाता येतं का? फार तयारीचा गळा नको, चार जणांत सूर मिसळता आला तरी पुरे. काही मिनिटांत निवड झालीसुद्धा.

प्रश्न चक्रम वाटले तरी त्यांना अर्थ होता. ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फात अडकलं आणि १९१५ मध्ये बुडालं. त्या २८ माणसांनी महिनोन् महिने बर्फावर, तंबूत, एकमेकांच्या सोबतीने काढले. बुडत्या जहाजातून त्यांनी हसी नावाच्या सोबत्याचा बँजोही वाचवला, तो मन शाबूत ठेवण्यासाठी. २८ च्या २८ जण जिवंत परतले. ‘तुम्ही टीममध्ये कसे वागता?’ हा प्रश्न गुळगुळीत वाटतो, पण बरोबर काम करायचं असतं त्यांना त्याचं उत्तर खरोखर हवं असतं.

६. बारा मिनिटांचं शब्दकोडं, रस्त्यावरचं गणित

जानेवारी १९४२ मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने वाचकांची शब्दकोड्याची स्पर्धा घेतली: बारा मिनिटांत सोडवून दाखवा. काही आठवड्यांनी त्यातल्या काही जणांना सरकारकडून गुप्त पत्रं आली. ब्लेचली पार्कमध्ये शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडायला अशीच डोकी हवी होती.

२००४ मध्ये गूगलने सिलिकॉन व्हॅलीत रस्त्याकडेला फलक लावला. कंपनीचं नाव नाही, फक्त गणित: ‘ई’ या संख्येच्या दशांशस्थळांत सलग येणारी पहिली दहा अंकी मूळसंख्या शोधा. उत्तर हाच वेबसाइटचा पत्ता, तिथे दुसरं कोडं, आणि ते सुटलं की सीव्ही पाठवायचं निमंत्रण. पण ‘विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील?’ छापाच्या तोंडी कोड्यांवर याच गूगलने पुढे फुली मारली. तिथले मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये स्पष्टच सांगितलं की असे प्रश्न म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, त्यांतून पुढचं काम कसं होईल हे मुळीच कळत नाही. कोड्यांची पुस्तकं घोकण्यात रात्री घालवू नका.

७. एकविशीतला भावी नोबेलविजेता

डॅनियल काह्नमन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं २००२ मध्ये. पण त्याआधी १९५५ च्या सुमारास, जेमतेम एकविशीत, इस्रायली सैन्याने त्यांच्यावर काम सोपवलं: भरतीच्या मुलाखती सुधारा. तोवर मुलाखत घेणारे गप्पा मारत आणि शेवटी ‘एकंदर वाटतं’ त्यावर शेरा देत. काह्नमननी सहा गुण ठरवून दिले. प्रत्येकासाठी ठरलेले, वस्तुस्थिती विचारणारे प्रश्न, एक गुण संपला की लगेच पाचपैकी मार्क, मगच पुढचा गुण. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र करताय का म्हणाले. तेव्हा त्यांनी शेवटी एक सूट दिली: सगळे मार्क देऊन झाले की डोळे मिटा, हा मुलगा सैनिक म्हणून डोळ्यांसमोर आणा आणि आणखी एक आकडा द्या.

नवी पद्धत जुनीपेक्षा कितीतरी सरस ठरली. गंमत म्हणजे डोळे मिटून दिलेला आकडाही चांगला निघाला, कारण तो शिस्तीने माहिती गोळा केल्यानंतरचा होता. सगळ्यांना तेच प्रश्न, ठरलेले निकष, ही मुलाखत गप्पाटप्पांच्या मुलाखतीपेक्षा भरवशाची असते, हे नंतरच्या कित्येक दशकांच्या संशोधनाने दाखवलं आहे. तुम्ही स्वतः कधी टेबलापलीकडे बसलात, तर एवढं नक्की करा. समोरच्याचं आयुष्य त्यावर अवलंबून असतं.

८. ‘पहिल्या मिनिटात फैसला’ ही अफवा

दार उघडताच निकाल लागतो, असं आपल्याला सांगितलं जातं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहाशेहून अधिक मुलाखती तपासल्या गेल्या. पहिल्या मिनिटात मत बनवणारे निघाले अवघे ५ टक्क्यांच्या आसपास, आणि पाच मिनिटांच्या आत ठरवणारे ३० टक्क्यांच्या जवळपास. बाकी बहुतेकांनी त्यानंतरच ठरवलं.

म्हणजे नमस्कार करताना अडखळलात, फाइल हातातून पडली, तरी अजून सगळं बाकी असतं. फाइल उचला, बसा आणि बोला.

९. बूट काढा, वाजवा

पाश्चात्त्य वाद्यवृंदांत वादक निवडताना अनेक ठिकाणी मध्ये पडदा असतो. बोस्टन सिंफनीने १९५२ मध्येच असा पडदा वापरून पाहिला. पण पडद्याआडून चालत येणाऱ्या बुटांच्या टाचांचा आवाज पुरुष की स्त्री हे सांगून जायचा. मग कुठे गालिचा अंथरला गेला, कुठे बूट काढून यायला सांगितलं गेलं. ऐकायचं ते फक्त वादन.

आपल्या बऱ्याच मुलाखतींत असा पडदा नसतो. म्हणूनच कामाचा नमुना बरोबर न्या: केलेला प्रोजेक्ट, छापून आलेला लेख, काढलेलं डिझाइन, चालता कोड. आडनाव, गाव आणि इंग्रजीचे उच्चार यांच्या आधी काम बोललं पाहिजे.

१०. नाकारलेल्यांनी काय केलं?

१९७९ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात मुलाखती होऊन दीडशे विद्यार्थी निवडले गेले. मग टेक्सासच्या विधिमंडळाने ऐनवेळी आणखी ५० जागा वाढवल्या. आता उरले होते ते मुलाखतींनंतर क्रमवारीत खूप खाली ढकललेले. त्यांना घेतलं. पुढे अभ्यासात आणि रुग्णालयातल्या कामात दोन्ही गट तपासले, तर म्हणण्यासारखा फरकच सापडला नाही!

‘रिग्रेट’चा मेल आला की हा किस्सा आठवा. तो एका पॅनेलचा एका दिवसाचा अंदाज असतो. तुमची लायकी ठरवण्याइतकी ताकद त्याच्यात नाही.

११. एक पोस्टकार्ड आणि पुण्याच्या साड्या

१९७४. बेंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमधल्या नोटीस बोर्डावर टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात लागली होती: हुशार तरुण इंजिनिअर हवेत. खाली एक ओळ: महिला उमेदवारांनी अर्ज करू नये. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी एक पोस्टकार्ड घेतलं आणि थेट जेआरडी टाटांना लिहिलं की तुमच्यासारख्या समूहात असा भेदभाव कसा चालतो?

दहा दिवसांच्या आत तार आली: मुलाखतीला पुण्याला या, प्रवासखर्च कंपनीचा. हॉस्टेलच्या मैत्रिणींनी लगेच फर्माईश केली, फुकटात पुण्याला जातेच आहेस तर साड्या आण! ज्यांना साडी हवी होती त्यांच्याकडून तीस-तीस रुपये गोळा करून त्या निघाल्या. पिंपरीत समोर सहा जणांचं पॅनेल. ‘जेआरडींना पत्र लिहिणारी मुलगी ती हीच’ अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली. नोकरी मिळणार नाही असं त्या धरूनच चालल्या होत्या, त्यामुळे भीती उरलीच नव्हती. तांत्रिक प्रश्नांची उत्तरं त्यांनी धडाधड दिली. पॅनेलने अडचण सांगितली की कारखान्यात आजवर बाई घेतलेली नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: कुठून तरी सुरुवात करायलाच हवी. नोकरी मिळाली, आणि टेल्कोच्या शॉप फ्लोअरवर पहिली स्त्री इंजिनिअर दाखल झाली.

त्या बोलल्या धिटाईने, पण तांत्रिक उत्तरं तयार होती म्हणून ती धिटाई टिकली.

१२. २७५ मार्कांचं गणित

पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. यूपीएससी नागरी सेवेत मुख्य परीक्षा १,७५० गुणांची, मुलाखत २७५ ची, एकूण २,०२५. म्हणजे मुलाखतीचा वाटा साडेतेरा टक्क्यांच्या थोडा वर. एमपीएससीच्या राज्यसेवेनेही २०२५ पासून हाच साचा घेतला. त्याआधी तिथे मुलाखत १०० गुणांची होती.

तोंडी परीक्षेला फार वजन नको, हे न्यायालयानेही बजावलं आहे. १९८० च्या अजय हासिया खटल्यात श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने प्रवेशासाठी एक तृतीयांश गुण मुलाखतीला ठेवले होते, आणि मुलाखत उरकायची दोन-तीन मिनिटांत! १५ टक्क्यांहून जास्त वाटा मनमानी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शिवाय मुलाखती टेपवर नोंदवाव्यात असंही सुचवलं. पुढे १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंदच केल्या. वशिल्याला एक दार कमी झालं.

आणखी एक: यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत लिहिणाऱ्याला मुलाखतही मराठीत देता येते. दिल्लीच्या धोलपूर हाउसमध्ये विचारले जाणारे बरेच प्रश्न उमेदवाराने स्वतःच भरलेल्या अर्जातून, म्हणजे ‘डॅफ’मधून निघतात. छंद ‘ट्रेकिंग’ लिहिलात तर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा कुठल्या दिशेला तोंड करून आहे, हे ठाऊक हवं.

१३. पंधरा सेकंद, एक शब्द, आणि नववा नंबर

लष्करात अधिकारी निवडणारं एसएसबी पाच दिवस चालतं. त्यातल्या एका चाचणीत ६० शब्द एकामागून एक दाखवतात. प्रत्येकाला पंधरा सेकंद, तेवढ्यात वाक्य लिहायचं. आणखी एका चाचणीत अर्ध्या तासात ६० प्रसंग: तुम्ही काय कराल? एवढ्या वेगात घोकलेलं आठवत नाही, मुरलेलंच कागदावर उतरतं.

तरुण अब्दुल कलाम हवाई दलासाठी डेहराडूनला अशाच निवडीला बसले. उमेदवार २५, जागा ८. कलामांचा नंबर नववा. खचलेल्या मनाने ते ऋषिकेशला गेले, स्वामी शिवानंदांना भेटले आणि दिल्लीला परतले. तिथे संरक्षण खात्यातली, त्याच प्रवासात मुलाखत दिलेली दुसरी नोकरी मिळाली होती: मूळ पगार २५० रुपये.

काही वर्षांनी मुंबईत अंतराळ समितीची मुलाखत झाली. समोर खुद्द विक्रम साराभाई. कलामांनी पुढे लिहिलं आहे की साराभाईंचे प्रश्न, मला काय येतं हे तपासणारे नव्हते. मी पुढे काय होऊ शकतो, याचा ते शोध घेत होते. दुसऱ्याच संध्याकाळी निवड कळली. नवव्या नंबराच्या माणसाने पुढे देशाला उपग्रह प्रक्षेपक दिला.

१४. चुकीचा माणूस, बरोबर धीर

८ मे २००६, लंडन. काँगोचा गाय गोमा बीबीसीत संगणक विभागातल्या नोकरीसाठी आला आणि स्वागतकक्षात थांबला. त्याच वेळी गाय क्यूनी नावाच्या तंत्रज्ञान-पत्रकाराची थेट प्रक्षेपणात मुलाखत व्हायची होती. नाव सारखं, घाई मोठी. गोमाला स्टुडिओत नेऊन बसवलं. निवेदिकेने त्याची तज्ज्ञ म्हणून ओळख करून दिली, तेव्हा त्याचे डोळे विस्फारलेले अख्ख्या देशाने पाहिले. पण पठ्ठ्याने स्वतःला सावरलं आणि लोक इंटरनेटवरून गाणी कशी उतरवून घेतात, यावर चक्क बरं बोलला. नंतर ज्या मुलाखतीसाठी आला होता तीही दिली. ती नोकरी मात्र मिळाली नाही.

अनपेक्षित प्रश्न आला की तुम्हालाही एक श्वास घ्यायची मुभा आहे. दोन सेकंदांच्या शांततेने कोणी मार्क कापत नाही.

१५. ‘शांत हो’ नको, ‘मजा येणार’ म्हणा

हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. भाषण, गणित किंवा गाणं करायच्या आधी काहींनी ‘मी शांत आहे’ म्हणायचं, काहींनी ‘मी उत्सुक आहे’. ‘उत्सुक आहे’ म्हणणाऱ्यांचं काम अधिक चांगलं झालं. भीतीतही छाती धडधडते आणि उत्साहातही. धडधड थांबवण्यापेक्षा तिला उत्साह म्हणणं सोपं पडतं. याउलट, दोन मिनिटं ऐटदार पोझ घेतली की शरीरातली संप्रेरकं बदलतात हा २०१० चा गाजलेला दावा नंतरच्या मोठ्या प्रयोगात टिकला नाही. आरशासमोर पोझ घेण्यापेक्षा मित्रासमोर एक मॉक इंटरव्ह्यू द्या.

आदल्या रात्रीची यादी

● स्वतःच्या कामातले पाच खरे प्रसंग निवडा. प्रत्येकात चार गोष्टी: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही नेमकं काय केलंत, शेवटी काय झालं. ‘आम्ही’ कमी, ‘मी’ जास्त.

● सीव्हीतली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. जिच्यावर दोन मिनिटं बोलता येणार नाही, ती काढून टाका.

● अपेक्षित पगाराचा आकडा, नोटीस पिरीयड आणि आधीची नोकरी सोडण्याचं कारण ठरवून ठेवा. कारण सांगताना जुन्या साहेबांची निंदा नको.

● ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ यावर ‘नाही सर’ म्हणू नका. पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल, एवढं तरी विचारा.

● मुलाखत ऑनलाइन असेल तर चार्जर लावा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि घरच्यांना वेळ सांगून ठेवा.

मुलाखत संपली की त्याच दिवशी विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवा आणि अडलेल्यांची उत्तरं शोधून ठेवा. निवड झाली तर ती वही धाकट्या भावंडाच्या कामाची, आणि नाही झाली तर पुढच्या मुलाखतीची अर्धी तयारी तिथेच झालेली असते.